गोळ्या खाऊनही गजकर्ण का जात नाही?

मागे आरोग्याच्या तासाला एका ताईंचा फोन आला होता. नाव सांगत नाही म्हणाल्या, आम्हीही विचारलं नाही. कंबरेला, परकराच्या नाडीखाली, गोल चट्टा उठला होता. मेडिकलमधून मलम आणलं. आठ दिवसांत खाज थांबली आणि पुढच्या पंधरवड्यात चट्टा दुप्पट झाला. मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या महिनाभर न चुकता खाल्ल्या. तरी चट्टा तिथेच. सासूबाई म्हणतात, तू स्वच्छता पाळत नाहीस. ताईंनी आम्हाला विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सगळा वेळ त्यासाठीच ठेवला आहे. उत्तर थोडं लांबचं आहे, प्रयोगशाळेतून फिरून येणारं. पण कळायला अवघड नाही.

गजकर्ण, म्हणजे आपण ज्याला नायटा म्हणतो, तो किडा नव्हे आणि रक्तातली घाणही नव्हे. ती बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते तिच्याच मोठ्या कुळातली, पण हिचं खाणं वेगळं. आपल्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर, केसांवर, नखांवर ही जगते. घाम आणि ओल मिळाली की फावतं. जांघेत, काखेत, छातीखाली, नाडीखाली ती का होते ते आता सांगायला नको.

या बुरशीवर बहुतेक वेळा देतात ते औषध म्हणजे टर्बिनाफाईन. गोळीही असते, मलमही. ते काम कसं करतं? बुरशीच्या पेशीभोवती पातळ आवरण असतं. ते धड राहायला तिला एक स्निग्ध पदार्थ लागतो, आणि तो ती स्वतःच बनवते. या कामात तिचं एक प्रथिन राबतं. त्याचं नाव स्क्वालीन इपॉक्सिडेज. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, आम्हालाही दोनदा वाचावं लागलं. टर्बिनाफाईन नेमकं या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. आवरण बनत नाही, कच्चा माल आत साचतो, बुरशी मरते.

आता हे प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. कितव्या जागी कोणता मणी ओवायचा हे बुरशीच्या जनुकात लिहिलेलं असतं, चार अक्षरांच्या लिपीत. काही बुरश्यांमध्ये या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं. त्यामुळे 397 व्या जागी दुसराच मणी ओवला गेला. माळ आपलं काम करतेच, पण औषध तिला पहिल्यासारखं चिकटत नाही. गोळी पोटात जाते, कातडीपर्यंत पोचते आणि बुरशी खुशाल वाढत राहते.

पण त्या एका अक्षरामुळेच हे होतं कशावरून? रुग्णाच्या अंगावरच्या बुरशीत इतरही शेकडो फरक असतील. गावात ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या दारात नवा माणूस दिसला, एवढ्यावरून तोच चोर ठरत नाही. शास्त्रज्ञांनाही पुरावा लागतो.

तो पुरावा 2017 साली मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात रुग्णांच्या कातडीवरून आणि नखांवरून आलेले बुरशीचे दोन हजारांवर नमुने तपासले गेले. त्यात सतरा नमुने टर्बिनाफाईनला दाद देत नव्हते. त्यांचं ते जनुक वाचलं तेव्हा ठरावीक जागांचे मणी बदललेले दिसले. मग जपानी आणि स्विस शास्त्रज्ञांनी मिळून पुढचं पाऊल टाकलं. बदललेलं जनुक त्यांनी औषधाने सहज मरणाऱ्या एका दुसऱ्या बुरशीत घातलं. बाकी काही बदललं नाही. औषध मिसळलेल्या बशीत ती गरीब बुरशीही आता वाढू लागली. चार जागा अशा पक्क्या ठरल्या, त्यातली एक 397 वी.

एका बुरशीचं जनुक दुसरीत घालतात तरी कसं, हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला. यासाठी मातीतला एक जिवाणू वापरतात. द्राक्षाच्या किंवा गुलाबाच्या खोडाला जमिनीलगत खडबडीत गाठी आलेल्या काही जणींनी पाहिल्या असतील. त्या या जिवाणूमुळे येतात. तो आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सारतो आणि झाड गाठ वाढवू लागतं. शास्त्रज्ञांनी त्याची ही खोड कामाला लावली. गाठीचा तुकडा काढून टाकायचा, हवं ते जनुक तिथे ठेवायचं आणि जिवाणूला बुरशीसोबत एका बशीत वाढू द्यायचं. तो आपल्या सवयीने तुकडा बुरशीत सारतो. त्या तुकड्याबरोबर एका विषापासून वाचवणारं जनुकही जोडलेलं असतं. मग बशीत ते विष घातलं की ज्यांना तुकडा मिळाला त्याच बुरश्या जगतात. निवडणं सोपं होतं.

अडचण एकच. बुरशी हा तुकडा हवा तिथे बसवत नाही. गोधडी शिवताना एखाद्या नवशिकीने हाती आलेलं ठिगळ दिसेल तिथे टाचावं, तसं तिचं चालतं. असं घाईने टाचायला बुरशीकडे काही ठरावीक प्रथिनं असतात. 2009 साली जपानी शास्त्रज्ञांनी नायट्याच्या एका बुरशीतलं अशा प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं. मग ठिगळ बरोबर फाटक्या जागी बसण्याचं प्रमाण पुष्कळ वाढलं. आता एखादं जनुक काढून पाहायचं, परत घालून पाहायचं, म्हणजे त्याचं काम काय ते कळतं.

हे युरोपात झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. 2018 साली दिल्लीतल्या संशोधकांनी आपल्याकडच्या रुग्णांची बुरशी तपासली. औषधाला दाद न देणारी बुरशी तिथेही सापडली, आणि मणी बदलले होते त्या जागांत ही 397 वी होतीच. पुढे 2020 साली जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या अंगावरची बुरशी जनुकं वाचून वेगळी ठरवली गेली. तिला नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आला, पण पेढे वाटावेत असं त्यात काही नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन बायकांमध्ये ती सापडली. त्यातली एक तर अलीकडे परदेशात कुठे गेलीही नव्हती.

आपल्याकडे ही इतकी का फोफावली, याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक सांगताना आम्हाला राग येतो. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉईड असतं. स्टेरॉईडने खाज आणि लाली लगेच दबते, बाईला वाटतं गुण आला. पण कातडीची लढायची ताकदही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. पुढे कातडी पातळ होते, पांढरे चरे पडतात. 2018 साली सरकारने बरीच स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात काय चालतं ते तुम्ही जाणताच.

आता त्या ताईंसाठी. ताई, गोळ्या खाऊनही चट्टा राहिला याचा अर्थ तुम्ही अस्वच्छ आहात असा होत नाही. बुरशीतलं अक्षर बदललेलं असू शकतं. पण प्रत्येक वेळी तेच कारण असतं असंही नाही. कधी घरातल्या दुसऱ्या कुणाला नायटा असतो आणि टॉवेलातून, अंथरुणातून तो परत येतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी दाखवा, सासूबाईंनाही. टॉवेल, परकर वेगळे ठेवा, कपडे कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि नाडीची जागा कोरडी ठेवा.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना आजवर वापरलेल्या मलमांच्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रिकामी असली तरी न्या, त्यावरूनच त्यांना स्टेरॉईड होतं की नाही ते कळेल. चट्ट्याच्या कडेची थोडी साल खरवडून ते तपासतील, त्याला दुखत नाही. बुरशी वाढवून औषध लागू पडतं का हे पाहण्याची किंवा जनुक वाचण्याची सोय सगळीकडे नसते, काही मोठ्या प्रयोगशाळांत असते. टर्बिनाफाईन चालत नसेल तर दुसऱ्या जातीची औषधं आहेत, ती त्या प्रथिनाला नव्हे, दुसरीकडे धरतात. ती मनाने घ्यायची नाहीत. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा काविळीचा त्रास होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि किती आठवडे घ्यायची हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणा, म्हणजे खाज थांबल्यावर गोळी बंद करायचा मोह होणार नाही.