आकाशातले जागरण, वावरातले जागरण

रात्रीचे दोन वाजलेले असतात. या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची, म्हणून तुम्ही मोटार सुरू करून गव्हात दारे धरीत उभे असता. पाय गारठलेले, हातात बॅटरी. इतक्यात डोक्यावरून एक लाल दिवा लुकलुकत जातो. विमान! मनात येते, "बरे आहे बुवा यांचे. खुर्चीत बसून काम."

वाचकहो, त्या दिव्यामागे बसलेला वैमानिकही त्या घटकेला तुमच्यासारखाच झोपेशी झगडत असतो. फरक असलाच तर एवढा की, त्याने किती तास जागायचे आणि मग किती तास झोपायचे, याचे नियम सरकारने करून ठेवले आहेत. तुमच्या जागरणाचे नियम कोणीच केलेले नाहीत. म्हणून वैमानिकाच्या विश्रांतीची ही हकीकत आज तुम्हाला सांगावीशी वाटते. ती दूरची असली तरी परकी नाही.

पॅसिफिकवरून अमेरिकेला

जगातला सर्वांत मोठा महासागर म्हणजे पॅसिफिक. आपल्या एअर इंडियाचे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५ हजार किलोमीटर झाले, तरी वेळ मात्र वाचला. कारण त्या उंचीवरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि पाठीशी वारा असला की विमान लवकर पोहोचते. तरीही सुमारे साडेचौदा तास विमान हवेतच होते.

साडेचौदा तास एका जोडीला विमान चालवणे शक्य नाही. म्हणून अशा उड्डाणावर चार वैमानिक असतात. दोघे चालवतात, तेव्हा दोघे विश्रांती घेतात. त्यासाठी या मोठ्या विमानांत छताखाली, प्रवाशांच्या नजरेआड एक लहानशी खोली असते. तिच्यात बिछाने असतात, अंधार असतो आणि विमान हलले तरी माणूस पडू नये म्हणून पट्टा असतो. तिथली झोप ही चैन नव्हे. चालवणे जसे काम, तसेच ठरल्या वेळी जाऊन झोपणे हेही त्या वैमानिकाचे कामच.

शरीराचे घड्याळ

सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर खरी अडचण सुरू होते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. म्हणजे आपली मध्यरात्र ती त्यांची सकाळ. मनगटावरचे घड्याळ क्षणात बदलता येते, पण शरीरातले घड्याळ बदलत नाही. ते दिवसाला साधारण एखादा तास सरकते. वैमानिक हॉटेलात पडदे ओढून पडतो, पण झोप येत नाही. आली तर अवेळी मोडते. शरीर तिथल्या वेळेला रुळायच्या आतच परतीचे उड्डाण येते.

म्हणून वैमानिकांच्या जगात 'बेस'ला मोठे महत्त्व असते. बेस म्हणजे ज्या शहरातून त्याची कामगिरी सुरू होते आणि जिथे ती संपते, ते ठिकाण. घर बेसजवळ असले तर परतल्यावर तो आपल्या माणसांत, आपल्या वेळेला झोपतो. घर दुसऱ्या शहरात असले तर कामावर हजर होण्याआधीच त्याचा एक प्रवास झालेला असतो. कागदावर तो ताजातवाना, अंगात मात्र शीण. गड्याची वस्ती वावराजवळ असणे आणि त्याने दोन कोस चालून कामावर येणे, यात जो फरक, तोच हा.

२६ मिनिटांची डुलकी

थकव्याचा हा प्रश्न अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने पॅसिफिकवरच्याच उड्डाणांत तपासला. त्याचा अहवाल १९९४ मध्ये निघाला. काही वैमानिकांना सोबतीच्या देखरेखीखाली, आळीपाळीने ४० मिनिटे विश्रांतीची मुभा दिली. काहींना दिली नाही. ज्यांना मुभा होती ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उरलेल्या प्रवासात अधिक सावध राहिले. ज्यांना मुभा नव्हती त्यांच्या मेंदूला मात्र अगदी विमान खाली उतरत असतानाही काही क्षणांच्या डुलक्या लागत होत्या. अशी डुलकी ज्याला लागते त्यालाही कळत नाही. डोळे उघडे असू शकतात, पण माणूस जागेवर नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये असे दाखवले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर थोडी दारू प्यालेल्या माणसाइतकीच चुकते. आपण दारू प्यालेल्याला ट्रॅक्टरवर बसू देत नाही. जागलेल्याला मात्र आपणच चावी देतो.

मंगळुरूचा धडा

झोपेलाही शिस्त लागते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान पहाटे मंगळुरूला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ जणांपैकी १५८ मरण पावले. मुख्य वैमानिक प्रवासातला बराच वेळ, सुमारे १ तास ४० मिनिटे, आपल्या खुर्चीतच झोपला होता, असे चौकशीत आढळले. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ डोके जड असते, निर्णय चुकतो. विमान चुकीच्या उंचीवरून उतरत होते. सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना वारंवार केली, तरी ती मानली गेली नाही. थोडी, ठरवून घेतलेली डुलकी तारते. लांबलेली, अवेळी लागलेली झोप घात करते.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम अधिक कडक केले. वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. रात्र मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत धरली. हे नियम जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरात काय झाले ते तुम्ही वाचले असेल. इंडिगो या देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला नव्या नियमांप्रमाणे वैमानिकांच्या पाळ्या जुळवता आल्या नाहीत, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारला काही नियम त्या कंपनीपुरते काही काळ सैल करावे लागले. नुसता नियम करून माणसाला झोप मिळत नाही. त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस लागतो.

आपले काय?

आता आपल्या वावराकडे वळू. काही दिवस वीज दिवसा, काही दिवस रात्री. सौरपंप आले तिथे हा त्रास कमी झाला, पण सगळीकडे अजून तसे नाही. पाळी बदलली की झोपेची वेळ उलटीपालटी होते. म्हणजे गावची शीव न ओलांडता आपला शेतकरी दर पाळीला पॅसिफिक ओलांडतो. शरीर रात्रीला रुळते न रुळते तोच पाळी फिरते.

पैठण तालुक्यातल्या एका गृहस्थाला मी ओळखतो. सलग तीन रात्री पाणी दिल्यावर सकाळी जनावरांसाठी ते कडबाकुट्टीवर बसले. पेंढी सरकवता सरकवता क्षणभर डोळा लागला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. "झोप लागली हे मला कळलेच नाही, साहेब," एवढेच ते सांगतात.

आणि करमाड आपण कसे विसरू? ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर थकून रुळांवरच टेकले आणि तिथेच त्यांना झोप लागली. मालगाडीखाली १६ जण गेले. पोटातली भूक माणूस काही दिवस मारू शकतो. झोप मारता येत नाही. ती आपली वेळ साधतेच, मग जागा कोणतीही असो.

म्हणून वैमानिकांच्या वहीतली चार कलमे आपणही घ्यावीत. रात्रीच्या पाळीआधी दुपारी दीड-दोन तास झोपून घ्यावे. पाणी लांबवर पोहोचेपर्यंत वेळ असेल आणि सोबत कोणी जागे असेल, तर आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटे पडावे. पण बांधावर किंवा गवतात नाही, खाटेवर, कारण विंचूकाट्याची भीती. उठल्यावर तोंड धुऊन दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, मगच मोटारीला किंवा स्टार्टरला हात लावावा. रात्र जागल्यावर सकाळी कडबाकुट्टी, मळणीयंत्र, औषध फवारणी आणि मोटारसायकल ही चार कामे करू नयेत. घरी येऊन अंधाऱ्या खोलीत झोपावे. चहाने डोळे उघडतात, पण झोपेचे देणे फिटत नाही.

घरातल्या मंडळींनाही एक सांगणे आहे. दिवसा झोपलेल्या कर्त्या माणसाला "सूर्य डोक्यावर आला" म्हणून उठवू नका. आणि ज्या घरची बाई रात्री बॅटरी धरून बांधावर सोबत उभी राहिली, तिने पहाटे पाचला चूल पेटवलीच पाहिजे, हा कायदा कुठला? तिचीही रात्र जागूनच गेली आहे. त्या दिवशी भाकरी दुसऱ्या कोणी थापावी, धार दुसऱ्या कोणी काढावी. वैमानिकाच्या जागी दुसरा उभा राहतो तेव्हाच पहिला झोपतो. आपल्या घरातही तसेच व्हायला हवे.

विजेचे वेळापत्रक आपण भिंतीवर लावतोच. येत्या पाळीला त्याच्याच शेजारी, घरातले कोण कधी झोपणार, तेही लिहून लावा.