फ्रेंच भाषा व साहित्याचे विद्यापीठीय अध्ययन (महाराष्ट्र)

फ्रेंच भाषा, तिचे व्याकरण व भाषाविज्ञान आणि तीत लिहिले गेलेले साहित्य यांचे पदवी व पदव्युत्तर पातळीवरील अध्ययन हा महाराष्ट्रातील विद्यापीठांत दीर्घकाळ चालत आलेला अभ्यासविषय आहे. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग सांताक्रूझ (पूर्व) येथील कलिना-विद्यानगरी परिसरात आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटशी निगडित म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्राबाहेर गोवा विद्यापीठ, पुदुच्चेरी विद्यापीठ, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथेही हा विषय उच्च पातळीपर्यंत शिकवला जातो.

फ्रेंच शिकणे आणि फ्रेंचचे विद्यापीठीय अध्ययन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत वारंवार होते. आलियाँस फ्रांसेझसारख्या संस्थांमधील वर्ग (मूळ संस्थेची स्थापना पॅरिस, १८८३) भाषिक कौशल्य देतात. त्या कौशल्याचे मोजमाप युरोपीय चौकटीतील ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांनी होते. पहिल्या चार पायऱ्यांसाठी ‘डेल्फ’ व शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी ‘डाल्फ’ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची प्रमाणपत्रे असून ती आजन्म ग्राह्य धरली जातात. डेल्फ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० गुण लागतात आणि कोणत्याही एका कौशल्यात ५ पेक्षा कमी गुण चालत नाहीत. विद्यापीठीय अध्ययनात हे कौशल्य गृहीत धरलेले असते. खरा अभ्यास त्यापुढे सुरू होतो. शतकवार साहित्येतिहास, संहितेचे बारकाईने विवरण, भाषाविज्ञान, अनुवाद, फ्रेंचच्या अध्यापनाची पद्धती, तसेच क्वेबेक, पश्चिम आफ्रिका, माघ्रेब व कॅरिबियन बेटे येथील फ्रेंच साहित्य असा त्याचा विस्तार असतो.

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील ही तीन शहरे ठाणे जिल्ह्यात असून तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पदव्युत्तर फ्रेंचसाठी येथील विद्यार्थ्याला कलिना गाठावे लागते. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर अंतरावर आहे. कुर्ल्यापर्यंत लोकलने तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि तेथून बस किंवा रिक्षाने विद्यापीठ गाठायचे असते. रोजचे तीन-चार तास प्रवासात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसण्यास फारसा वेळ उरत नाही. साहित्याचा अभ्यास तर ग्रंथालयावाचून होत नाही. या विषयातील गळतीचा विचार करताना अभ्यासक्रमाच्या काठिण्याइतकाच लोकलच्या वेळापत्रकाचाही विचार व्हावयास हवा.

या पट्ट्याची भाषिक घडण मात्र फ्रेंचच्या अध्ययनास अनुकूल आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीतून उभ्या राहिलेल्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील मुले सिंधी, हिंदी, मराठी व इंग्रजी यांच्या सरमिसळीत वाढतात. फ्रेंचमध्ये अनुनासिक स्वर अर्थभेदक आहेत. प्रमाण मराठीच्या उच्चारातून ते जवळजवळ लोपले असले, तरी सिंधी व हिंदी भाषकांच्या तोंडी ते नित्याचेच असतात. त्यामुळे उल्हासनगरच्या विद्यार्थ्याला हे स्वर अनेकदा पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर साधतात.

मराठी भाषकाच्या दृष्टीने फ्रेंच

फ्रेंचचे अध्यापन आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या आधाराने होते आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तेथेच बिचकतो. वास्तविक अनेक ठिकाणी मराठी ही इंग्रजीपेक्षा जवळची वाट आहे. फ्रेंचमधील त आणि द हे मराठीतल्याप्रमाणे दंत्य आहेत, इंग्रजीप्रमाणे ट-डकडे झुकणारे नाहीत. प, त, क यांच्या उच्चारात इंग्रजीत शिरणारा महाप्राणही फ्रेंचमध्ये नसतो. ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतील भेद मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचमध्ये तो जवळपास तसाच आहे. लिंगे तेथे दोनच आहेत. तीन लिंगे बाळगणाऱ्या भाषेतून येणाऱ्याला ‘टेबल स्त्रीलिंगी का?’ हा प्रश्न इंग्रजी भाषकाइतका छळत नाही. तथापि लिंगे पाठच करावी लागतात, कारण मराठी लिंग फ्रेंचमध्ये जुळेलच असे नाही.

सर्वांत उद्बोधक साम्य भूतकाळाचे आहे. मराठीत ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये ‘आव्हार’ या साहाय्यक क्रियापदासह येणारे भूतकालवाचक कृदंत कर्माशी लिंग-वचनाने जुळते, पण कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच. ‘मी खाल्लेली पोळी’ अशा रचनेत जुळते, ‘मी पोळी खाल्ली’ अशा रचनेत जुळत नाही. हा नियम खुद्द फ्रेंच मुलांनाही चुकवतो. मराठी प्रयोगविचार पक्का असलेल्या विद्यार्थ्याला त्याचे तत्त्व पटकन उमजते. संख्यावाचकांतही अशीच एक ओळखीची खूण आढळते. फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ व ऐंशीला ‘चार विसा’ या अर्थाचे शब्द आहेत आणि ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी माणसे विसांनी मोजत, हे येथे आठवावे.

कठीण भाग अर्थातच आहे. ओठांचा चंबू करून उच्चारायचा ‘इ’सदृश स्वर, घशातून येणारा ‘र’ आणि लेखन व उच्चार यांतील मोठे अंतर यांना सरावावाचून पर्याय नाही.

मराठी विद्येशी संबंध

मराठी भाषेचा पहिला मोठा ऐतिहासिक अभ्यास फ्रेंच भाषेत झाला, ही बाब पदवीच्या वर्गांतही फारशी सांगितली जात नाही. झ्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) यांचा मराठीच्या जडणघडणीवरील प्रबंध १९२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. संस्कृत-प्राकृतापासून मराठीपर्यंतची ध्वनींची व रूपांची वाटचाल त्यात शास्त्रीय पद्धतीने मांडली आहे. वा. गो. परांजपे यांनी त्याचा ‘मराठी भाषेचा विकास’ हा अनुवाद थेट फ्रेंचवरून केला (१९४१). इंग्रजी भाषांतर त्यानंतर सुमारे तीन दशकांनी झाले. म्हणजे या ग्रंथापुरता मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुढे होता आणि त्याचे कारण फ्रेंच जाणणारा एक मराठी विद्वान हे होते. पॅरिसमध्ये भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतलेले ना. गो. कालेलकर यांनी ‘ध्वनिविचार’ (१९५५) लिहून आधुनिक भाषाविज्ञान मराठीत आणले. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

संतसाहित्याकडेही फ्रेंच अभ्यासकांचे लक्ष गेले. गी दलरी यांनी तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद (१९५६) व विठ्ठलभक्तीवरील ग्रंथ (१९६०) सिद्ध केला. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रकाशित केला. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वात्व्हँ यांनी हेमा राईरकर यांच्यासह जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड संकलन उभे केले. दया पवार यांचे ‘बलुतं’ व बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही आत्मकथने फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचली, तीही प्वात्व्हँ यांच्या प्रयत्नांमुळे.

इतिहासाच्या अभ्यासकाला फ्रेंचची गरज याहून निकडीची आहे. आबे कारे व तेव्हेनो या प्रवाशांनी शिवाजी महाराजांविषयी लिहिले. पुदुच्चेरीच्या फ्रांस्वा मार्तँ यांच्या रोजनिशीत महाराजांच्या १६७७ च्या कर्नाटक मोहिमेचा समकालीन वृत्तांत सापडतो. १७७७ मध्ये पुण्यास आलेला सँ-ल्युबँ आणि महादजी शिंदे यांची कवायती पलटणे उभारणारा द ब्वान्य यांच्याशी संबंधित कागदपत्रेही फ्रेंचमध्ये आहेत. हे साहित्य आजही बहुतांशी इंग्रजी भाषांतरांतून वाचले जाते.

अनुवाद व रूपांतरे

मराठी रंगभूमीवर मोल्येर आडवाटेने आला. हरि नारायण आपटे यांचे ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ हे त्याच्याच नाटकाचे रूपांतर आहे. गो. ब. देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ (१९१६) ज्या इंग्रजी नाटकावरून घेतले, ते आर्थर मर्फीचे नाटक मोल्येरच्या १६६० मधील प्रहसनावर आधारलेले होते. फाल्गुनरावाचा मूळ पूर्वज असा पॅरिसचा ठरतो. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘वैजयंती’ हे मेटरलिंक या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बेल्जियन नाटककाराच्या कृतीवरून व ‘बेकेट’ हे झाँ आनुई यांच्या नाटकावरून आलेले आहे. भा. रा. भागवत यांनी झ्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. माधुरी पुरंदरे यांनी फ्रेंचचे अध्यापन केले आणि बेकेटच्या ‘गोदो’चा मराठी अनुवाद मूळ फ्रेंचवरून केला. अशी थेट अनुवादाची उदाहरणे मोजकीच आहेत आणि विद्यापीठीय विभागांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांकडून त्यात भर पडण्याची अपेक्षा अवास्तव नाही.

गुणांचा प्रश्न

अकरावी-बारावीला फ्रेंच घेणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी त्यामागे बहुधा अधिक गुण मिळण्याची आशा असते. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावीपर्यंत सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. कनिष्ठ महाविद्यालयात मात्र मराठी सोडून फ्रेंच घेता येते. यावर मराठीच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. परंतु फ्रेंचचेही यात हित नाही. दोन वर्षांत ठरावीक उतारे व क्रियापदांची रूपे घोकलेला विद्यार्थी बारावीनंतर ती भाषा सोडून देतो आणि पदवीच्या वर्गात अगदी थोडे जण पोहोचतात. जे पोहोचतात त्यांना अध्यापन, भाषांतर, पर्यटन, विमानसेवा व बहुराष्ट्रीय कंपन्यांतील भाषिक कामे उपलब्ध असतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) फ्रेंच विषयात देता येते आणि तिची प्रश्नपत्रिका फ्रेंचमध्येच असते.