नाहीशी झालेली रताळी

मुलांनो, हरणाची पाठ तपकिरी आणि पोट मात्र पांढरं का, असं कधी मनात आलंय? ॲबट थेयरच्या मनात आलं. हा अमेरिकेतला नावाजलेला चित्रकार, आणि लहानपणापासून पाखरांचा वेडा.

नोव्हेंबर १८९६ मधली गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला पक्ष्यांचे जाणकार जमले होते. थेयरनं त्यांच्यासमोर तीन रताळी मांडली, जमिनीपासून थोडी वर, एका तारेवर आडवी. त्यांना चिकट काहीतरी फासलं आणि तिथल्याच रस्त्याची कोरडी माती वर भुरभुरली. रताळी आणि जमीन अगदी एका रंगाची झाली. मग कडेच्या दोन रताळ्यांची खालची बाजू त्यानं पांढरी रंगवली आणि तो पांढरा हळूहळू वरच्या मातकट रंगात मिसळवत नेला. मधलं तसंच ठेवलं.

मंडळी जरा लांब जाऊन बघतात तर काय, कडेची दोन्ही रताळी दिसेनाशी झालेली! मधलं मात्र ठसठशीत दिसतंय, आहे त्याहून काळंच वाटतंय. मग थेयरनं त्याचंही पोट रंगवलं आणि तेही गडप झालं.

हे झालं कसं? ऊन पडतं वरून. त्यामुळे पाठ उजळते आणि पोटाखाली सावली धरते. या उजेड-सावलीवरूनच डोळा ओळखतो, की समोर काहीतरी गोल, भरीव आहे. म्हणून नुसता मातीचा रंग घेऊन भागत नाही, सावली चुगली करतेच. पोट पांढरं असलं की सावलीचा काळेपणा फिटतो, अंग सपाट भासतं आणि मागच्या रानात विरून जातं. हे चित्रकाराच्याच ध्यानात यावं, यात मला नवल वाटत नाही. सपाट कापडावर सावली भरून गोल गाल उभा करणं हे त्याचं रोजचं काम. निसर्ग तेच उलटं करतो, एवढं त्यानं ओळखलं.

आफ्रिकेत काही मासे पोट वर करून उलटे पोहतात. त्यातल्या एकाचं पोट गडद असतं आणि पाठ फिकी! थेयरच्या म्हणण्याला याहून चांगली साक्ष कुठली?

पुढे थेयरचा उत्साह फार वाढला. गुलाबी रोहित पक्षी संध्याकाळच्या आभाळात लपतात, असंही तो सांगू लागला. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यानं त्यावर सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती. पण रताळ्यांनी दाखवलेलं तत्त्व टिकलं. आणि चित्रकाराची नजर लपवण्याच्या कामीही आली: १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सनं तोफा झाकायला चित्रकारांची खास तुकडीच उभी केली.

आता आईबरोबर मासळीबाजारात गेलात की बांगडा हातात घेऊन नीट बघा. पाठ निळसर-हिरवी, पोट चंदेरी. वरून बघणाऱ्याला तो खोल पाण्यासारखा दिसतो आणि खालून बघणाऱ्याला उजेडासारखा. का, ते आता तुम्हीच आईला सांगा.