पाणी वाढलं म्हणजे पाऊस झाला का? जुन्या गाडीच्या एसीचं निदान

अनुमान हा विषय निघाला की आपण डोंगर, धूर आणि अग्नी यांच्यापाशी येऊन थांबतो. आज आपण दुसरं उदाहरण घेणार आहोत : बारा-पंधरा वर्षं वापरलेली गाडी आणि तिचा थंड न होणारा एसी. विषय व्यवहारातला आहे, खिशाशी संबंधित आहे, आणि गाडीत लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तो तब्येतीचाही होतो.

तक्रार काय असते? 'एसी थंड करत नाही.' त्यावर ठरलेलं उत्तर काय? 'गॅस संपला असेल, भरून घ्या.' मग दर उन्हाळ्यात गॅस भरायचा आणि गणपती येईपर्यंत हवा पुन्हा कोमट. न्यायदर्शनाच्या भाषेत इथे हेतू 'सव्यभिचार' आहे. म्हणजे आपण जी खूण पुरावा म्हणून धरली, ती एकाच कारणाशी बांधलेली नाही. इतर कारणं असतानाही ती दिसते.

न्यायसूत्रांमध्ये यावर एक सुंदर चर्चा आहे. नदीचं पाणी वाढलेलं पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण म्हणतो. आक्षेप घेणारा विचारतो, खाली कुणी बांध घातला तरी पाणी वाढेलच की! त्याला उत्तर असं, की नुसतं वाढलेलं पाणी हा हेतू नव्हेच. भाष्यकार वात्स्यायन प्रवाहाचा वेग, फेस, वाहून येणारी पानं-लाकडं हे सगळं पाहायला सांगतात. 'थंड होत नाही' हे आपलं वाढलेलं पाणी. फेस आणि पानं-लाकडं अजून पाहायची आहेत.

त्यासाठी यंत्र थोडं समजून घेऊ. एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतो. ज्याला आपण 'गॅस' म्हणतो तो या पिढीच्या गाड्यांमध्ये बहुधा आर-१३४ए असतो. तो डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे पाठवतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कॉइलकडे परततो. ही साखळी बंद आहे. पेट्रोल जळून संपतं, तसा गॅस वापरून संपत नाही. रबरी पाइप आणि सील यांतून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो हे खरं. पण एका मोसमात कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे.

आता खुणा पाहू. यांपैकी बऱ्याच आपल्याला फुकट तपासता येतात.

जाळीतून हवाच कमी येते का? मग संशय आधी ब्लोअरवर आणि केबिन फिल्टरवर. सुरुवातीला गार हवा येते, अर्ध्या तासाने झोत मंदावतो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक होतो? कॉइलवर बर्फ साचत असावा.

झोत जोरात आहे पण हवा गरम आहे? मग इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबायचं आणि कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक्' आवाज ऐकायचा. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा क्लच. मात्र गॅस फार कमी झाला, तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. म्हणजे ही खूणसुद्धा एकटी पुरेशी नाही! क्लच घडीघडीला लागतो आणि सुटतो, तेव्हा गॅस कमी असण्याची शंका बळावते.

रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम? तर कंडेन्सरचा पंखा तपासा, आणि कंडेन्सरच्या पात्यांमध्ये बसलेली धूळ-माती पाहा. धावत्या गाडीत समोरचा वारा पंख्याचं काम करतो, उभ्या गाडीत करत नाही. कॉइलकडून परतणारा जाड पाइप गार आहे, त्यावर घाम आहे, तरी आत हवा कोमट? मग थंडी तयार होते आहे, पण हीटरची झडप नीट बंद होत नसल्याने तिच्यात गरम हवा मिसळते आहे. तिथे गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता सगळ्यांत फसवा पुरावा. मेकॅनिक बंद गाडीला गेज लावतो आणि 'प्रेशर आहे, म्हणजे गॅस आहे' असं सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. तो अर्धा असो की पाव, ज्योत जवळजवळ तशीच असते. म्हणून किती उरलं ते कळायला सिलिंडर तोलावा लागतो. इथेही तेच. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तर बंद यंत्रणेतला दाब तापमानावर ठरतो, मात्रेवर नाही. ३० अंश सेल्सिअसला तो सुमारे ९५ पीएसआय असतो, मग आत ३०० ग्रॅम असो वा ५००.

म्हणून दोन्ही गेज एसी चालू असताना वाचायची. दोन्हीकडे दाब कमी, तर बहुधा गॅस कमी. दोन्हीकडे जास्त, तर कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही, किंवा गॅस जास्त भरला आहे. हो, जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो. ज्या बाजूला कमी दाब हवा तिथे जास्त आणि दुसरीकडे कमी, तर कॉम्प्रेसर थकला असावा.

गळती ठरली, तर आधी ती सापडली पाहिजे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळक्या जोडाजवळ तेलकट धूळ चिकटलेली दिसते. साबणाचं पाणी, यूव्ही डाय, गळतीशोधक यंत्र हे पुढचे साक्षीदार. मग उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. गळका भाग, ओ-रिंग आणि रिसीव्हर ड्रायर बदलायचा, अर्धा तास तरी व्हॅक्यूम करायचा, तो टिकतो का पाहायचं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरायचा. हे काम घरी करू नये. अंगावर उडालेला गॅस त्वचा गोठवतो, डोळ्यांना इजा करतो.

न्यायदर्शनात 'शेषवत्' अनुमानाचे दोन अर्थ सांगितले आहेत : कार्यावरून कारणाकडे जाणं, आणि एकेक शक्यता गाळून उरलेली धरणं. चांगला मेकॅनिक दोन्ही करतो, नावं त्याला ठाऊक नसली तरी. आपण गाडीचे मालक म्हणून त्याला एवढंच विचारावं : 'गॅस कमी झाला असं कशावरून म्हणता? आणि गेला असेल, तर कुठून गेला?' या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गॅस भरू नये.