मद्याची द्राक्षे : जमिनीची पारख व तांबड्या मद्याची पारंपरिक कृती

महाराष्ट्रात द्राक्षाचे पीक मुख्यतः खाण्यासाठी व बेदाण्यासाठी घेतले जाते. मद्यासाठी लागणारे वाण याहून निराळे आहेत. त्यांचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असतात. खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून लागवडीपूर्वीच जमीन, कृती व विक्री या तिन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

नाशिकचा अनुभव

नाशिकजवळ सामंत कुटुंबाच्या शेतजमिनीवर ‘सुला’ हे मद्यनिर्मिती केंद्र १९९९ मध्ये सुरू झाले व २००० मध्ये तेथील पहिले मद्य विक्रीस आले. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले आणि लागवड झपाट्याने वाढली. परंतु २००८ नंतर मागणी घटली, मद्याचे साठे पडून राहिले व अनेक बागायतदारांना उभ्या वेली उपटाव्या लागल्या. वेल चांगली वाढली, तरी तिच्या फळाला एकच गिऱ्हाईक होते, हा या घटनेचा धडा होय.

बोर्दोच्या जमिनी

फ्रान्समधील बोर्दो हे नाव आपल्या बागायतदारास बोर्डो मिश्रणामुळे परिचित आहे. तेथील मेदोक भागात चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मियार्दे या शास्त्रज्ञाच्या १८८२ मध्ये ध्यानात आले व १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. मात्र वर्षानुवर्षे फवारलेले तांबे जमिनीत साठत जाते, हेही पुढे तेथेच दिसून आले.

मेदोकच्या जमिनी गोट्यांच्या व वाळूच्या आहेत. त्यांतून पाणी लवकर निचरते व जमीन लवकर तापते. म्हणून उशिरा पिकणारा काबेर्ने सोव्हिन्यों हा वाण तेथे चांगला येतो. नदीपलीकडे सेंत एमिलियों येथे चुनखडी व चिकणमाती आहे. तेथे लवकर पिकणाऱ्या मेर्लो वाणाचे प्राबल्य आहे.

पोमेरोल येथील पेत्रुस हा सुमारे ११ हेक्टरांचा मळा विदर्भाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. तेथील निळसर चिकणमाती ही आपल्या काळ्या जमिनीप्रमाणेच भिजली की फुगणारी व वाळली की आकसणारी आहे. परंतु तो मळा किंचित उंचवट्यावर आहे. माती फुगली की वरचे पाणी आत न मुरता वाहून जाते आणि मुळांना ओल थोडी थोडी मिळते. शिवाय बोर्दोला वर्षाकाठी पडणारा सुमारे ९०० मि.मी. पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो. नागपूरकडील त्याहून अधिक पाऊस बहुतांशी चार महिन्यांतच पडतो. सपाट काळ्या रानात अशा वेळी पाणी तुंबते व मुळे गुदमरतात. माती सारखी दिसली, तरी निचरा सारखा नसतो.

तांबड्या मद्याची कृती

१. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्स झाली म्हणजे घड काढतात. कच्चे व सडके मणी निवडून टाकतात.

२. मण्यांचे देठ वेगळे करून मणी हलके फोडतात. बहुतेक वाणांचा रस फिकट असतो. तांबडा रंग व तुरटपणा सालीतून येतो. म्हणून रस सालीसकटच टाकीत भरतात.

३. किण्व साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क होतो. २२० ग्रॅम साखर असल्यास तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. उष्णता साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस राखतात. ती फार वाढल्यास किण्व मरते.

४. वायूमुळे साली वर येऊन थर धरतात. खालचा रस काढून रोज या थरावर ओततात. नाहीतर थर वाळून आंबूस होतो.

५. दोन-तीन आठवड्यांनी रस काढून चोथा दाबतात. पुढे जिवाणूंच्या क्रियेने तीव्र आम्ल सौम्य होते.

६. मद्य २२५ लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवतात व गाळ खाली ठेवून वेळोवेळी दुसऱ्या पिंपात घेतात. ते निवळण्यासाठी पिंपामागे पाच-सहा अंड्यांतील पांढरा बलक घालण्याची जुनी रीत आहे.

लागवडीपूर्वी

नागपुरात प्रताप नगरसारख्या वस्तीत राहून गावाकडील शेती करवून घेणाऱ्यांनी केवळ मातीच्या रंगावरून निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात एक मीटर खोल खड्डा घेऊन त्यात पाणी किती काळ साचते ते पाहावे व मातीचे पृथक्करण करून घ्यावे. पाणी तुंबत असेल, तर त्या रानात अन्य पीक घेणेच श्रेयस्कर. खरेदीचा करार लेखी व वेल फळावर येण्याच्या काळापुढील असावा. मद्यनिर्मितीस राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. वेल अनेक वर्षे उभी राहते. म्हणून तिचा हिशेब खड्डे खणण्यापूर्वीच करावा.