आमचा नंबर कधी लागणार?

"काय रे, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग बरं, विजेची गाडी यायला एवढा उशीर का लागतो?"

रविवारी रात्री मेसमधून रूमवर येत होतो आणि अण्णांचा फोन आला. हॅलो नाही, जेवलास का नाही, थेट व्हायवाच सुरू! आणि व्हायवाला माझं जे होतं तेच झालं. "अं... बघून सांगतो अण्णा," एवढंच तोंडातून निघालं.

प्रकरण असं आहे. आमची वस्ती श्रीरामपूर तालुक्यात. दसऱ्याच्या मुहूर्तावर अण्णांनी विजेची मोटारगाडी बुक केली. (कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात उभी करतो, असं शोरूमवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पाडवा गेला, नाताळ गेला, मग "संक्रांतीनंतर बघू" सुरू झालं. मधल्या काळात चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून अण्णांनी जुनी जीप विकून टाकली. आता आजीला दर महिन्याला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी नगरला न्यायचं तर एसटीशिवाय इलाज नाही. आजी म्हणते, "माझी यष्टीच बरी," पण डोळ्याला पट्टी बांधून उभ्याने परत यायचं म्हणजे काय, ते आईला विचारा. त्यात शेजारच्या तात्यांनी काडी लावली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. विजेच्या गाडीवर आधीपासून ५ टक्के होता, तो तसाच राहिला. म्हणजे दोन्हींच्या किमतीतलं अंतर कमी झालं. मग थांबायचं तरी कशाला? अण्णांचा खरा प्रश्न हाच होता, "बुकिंग रद्द करू का?"

मित्रांनो, तीन वर्षं फी भरणाऱ्या बापाला "माहीत नाही" असं किती दिवस सांगणार? म्हणून लायब्ररीत बसलो, सरांचं डोकं खाल्लं आणि दोन शनिवार-रविवार घरी जाऊन आलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. आज ना उद्या तुमच्याही घरून असा फोन येणारच आहे!

थांबायची सवय जुनीच

घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, गाडीसाठी थांबणं हे आपल्याकडे नवीन नाही. १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डीला बजाज चेतक निघाली आणि तिच्यासाठी लोकांनी दहा-दहा वर्षं वाट पाहिली. मुलाच्या मुंजीला बुक केलेली स्कूटर त्याच्या लग्नात उपयोगी पडायची म्हणतात! कारण साधं होतं. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते सरकारी लायसन्सवर ठरायचं. मागणी कितीही असो, आकडा ओलांडायचा नाही. त्याच काळात आपल्या नगरमध्ये कायनेटिकने लूना बनवायला सुरुवात केली आणि मास्तर, पोस्टमन, दूधवाले सगळे मोपेडवर आले.

लायसन्स राज गेलं तरी रांग काही गेली नाही. २००९ मध्ये टाटा नॅनोसाठी दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्या कोणाला द्यायच्या ते कॉम्प्युटरवर सोडत काढून ठरवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिंद्राच्या दोन नव्या विजेच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं, तर पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या बुक झाल्या. या गाड्या चाकणला बनतात. आता आपण हिशेब करू. समजा एखादा कारखाना दिवसाला शंभर गाड्या काढतो. तीस हजाराव्या माणसाला किती दिवस थांबावं लागेल? तीनशे! यात कोणाची फसवणूक नाही, नुसता भागाकार आहे.

सगळ्यात मोठी गंमत टेस्लाची. मार्च २०१६ मध्ये मॉडेल ३ ची घोषणा झाली तेव्हा भारतातूनही काही जणांनी हजार-हजार डॉलर भरून ठेवले. टेस्लाचं पहिलं भारतीय शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं ते जुलै २०२५ मध्ये, आणि तिथे विक्रीला आली ती मॉडेल वाय! म्हणजे नऊ वर्षं थांबून समोर आली ती दुसरीच गाडी. त्या मानाने आमचे अण्णा सुखीच म्हणायचे.

मग गाडी अडते कुठे?

पेट्रोल गाडीत जसं इंजिन, तशी विजेच्या गाडीत बॅटरी. किमतीचा सगळ्यात मोठा वाटा तिचाच. ही बॅटरी शेकडो, कधी हजारो लहान सेलची बनते. पॅक आपल्याकडे बांधतात, पण आतले बहुतेक सेल बाहेरून येतात, मुख्यतः चीनमधून. जहाज उशिरा आलं की इथली लाइन थांबली.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती सेल तयार होण्याची गोष्ट. आपल्याला वाटतं, मशीनमधून सेल पडला की झालं. तसं नसतं. सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट भरल्यावर त्याला पहिलं चार्जिंग अगदी हळूहळू देतात. त्या वेळी आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर जमतो. हा थर नीट बसला तर सेल वर्षानुवर्षं टिकतो, घाई केली तर लवकर म्हातारा होतो. एवढ्यावर संपत नाही. त्यानंतर सेल कित्येक दिवस नुसते ठेवून देतात आणि व्होल्टेज मोजतात. आत बारीकसा दोष असेल तर त्या सेलचं व्होल्टेज आपोआप इतरांपेक्षा जास्त उतरतं. मग तो बाजूला काढतात. म्हणजे लोणच्यासारखंच, मुरल्याशिवाय बरणी उघडायची नाही. आपण गाडीची वाट बघतो त्याच्या आधी सेलनेसुद्धा वाट पाहिलेली असते!

दुसरी अडचण मोटरची. बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियमची जोरदार चुंबकं असतात. मोटर तापली की चुंबकाची ताकद कमी होते. ते होऊ नये म्हणून त्यात डिस्प्रोझियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं थोड्या प्रमाणात मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि जगभरच्या कारखान्यांची पंचाईत झाली. २०२० पासून बाजारात असलेल्या विजेच्या चेतकचं उत्पादनही त्या वर्षीच्या पावसाळ्यात चुंबकांअभावी घटलं. बघा, जुनी चेतक दिल्लीच्या लायसन्सला अडली होती, नवी चेतक चीनच्या परवान्याला. नाव तेच, रांग तीच, फक्त खिडकी बदलली.

तिसरी गोष्ट चाचणीची, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. नगरजवळच्या व्हीआरडीईचं नाव आपण इंडस्ट्रियल व्हिजिटच्या यादीत बघतो. डीआरडीओची ही संस्था लष्करी वाहनांसाठी आहेच, पण नवीन मॉडेल रस्त्यावर आणण्याआधी त्याची चाचणी करण्याचा अधिकार मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिलाय, त्यातही ती आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यातली एक पुण्यातली होती. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. पॅक हादरवून, तापवून, शॉर्ट करून, जास्त चार्ज करून, आगीवर धरून बघतात. ही चाचणी मॉडेलची असते, प्रत्येक गाडीची नाही. पण कंपनीने मध्येच सेल बदलायचे ठरवले तर पुन्हा मंजुरीचे सोपस्कार आलेच. हा उशीर झाला तर होऊ द्यावा. आजीला ज्या गाडीत बसवायचंय तिची बॅटरी आधी दुसऱ्या कोणीतरी जाळून बघितलेली बरी!

तोवर घरी काय करायचं?

इथे मला माझा खरा अभ्यास सापडला. अण्णांना वाटत होतं, गाडी आली की मोबाईलसारखी प्लगला लावायची. मी टेस्टर आणि मल्टीमीटर घेऊन घरी गेलो तर पहिल्याच तासात घोळ दिसला. घराची आर्थिंगची तार मीटरच्या पेटीतून निघून भिंतीपर्यंत येते आणि तिथे तुटलेली! कधी तुटली, देव जाणे. फॅन आणि टीव्हीचं काही अडलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण गाडीचा चार्जर आधी आर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. म्हणजे गाडी पाडव्याला आली असती तर रात्रभर प्लग लावूनही बॅटरी होती तिथेच!

मग खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून नवीन आर्थिंग केलं, वेगळी जाड वायर ओढली, १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घेतलं. मी फक्त शेजारी उभा राहून शहाणपणा शिकवला. आमच्याकडचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि आर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं काम आजीने आपणहून घेतलंय. तुळशीला घालते तसं तिथेही घालते.

दुसरी भानगड व्होल्टेजची. वस्तीवरची वीज शेतीच्याच लाइनवरून येते. थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि दिवे मिणमिणतात. अण्णांना मल्टीमीटर कसा धरायचा ते शिकवलं आणि साखर कारखान्याच्या डायरीत दर दोन तासांनी आकडा लिहायला सांगितलं. पंधरा दिवसांत डायरी भरली. मोटरी चालू असताना १८० ते १९०, बंद असताना २२५ ते २३५.

याचा अर्थ काय? साध्या सॉकेटवरचा चार्जर साधारण १३ अँपिअर घेतो असं धरू. २३० व्होल्टला होतात ३ किलोवॅट. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर दहा तास. व्होल्टेज १८५ झालं की ताकद उरते २.४ किलोवॅट, आणि दहाचे साडेबारा तास होतात. वरून थोडी वीज वाया जाते ती वेगळीच. म्हणून आमच्याकडे असं ठरलं, की ज्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा, त्या आठवड्यात गाडी रात्री चार्ज करायची. लाइट रात्री असेल तर गाडी दिवसा. आणि विहिरीवरच्या मोटरच्या कनेक्शनवर गाडी लावायची नाही, ते सवलतीच्या दराचं आहे. घरच्या मीटरचा लोड वाढवून घ्यायचा अर्जसुद्धा आताच दिलाय, कारण तिथेही रांग आहेच!

तिसरा प्रश्न, पोहोचेल का? माहितीपत्रकातली रेंज 'एमआयडीसी'ची असते. ही आपली औद्योगिक वसाहत नव्हे बरं का, ही चाचणीची ठरलेली चाल आहे. तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि बराच वेळ शहरासारखं हळू चालवतात. म्हणून लिहिलेल्या आकड्याचा दोन तृतीयांशच धरावा. ३०० लिहिलंय, तर २०० समजा. श्रीरामपूर-नगर जाऊन-येऊन साधारण १३० होतात. आजीचं इंजेक्शन, वाटेत एखादा पाहुणा, सगळं करून घरी परत. जमतंय!

थांबायचं की रद्द करायचं?

अण्णांना मी सांगितलं, शोरूमला "गाडी कधी येणार?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं. तीन गोष्टी लेखी मागा. एक, आपल्या नावावर चेसिस नंबर पडलाय का? नंबर पडला म्हणजे गाडी खरोखर बनलीय. दोन, किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची? तीन, रद्द केलं तर किती पैसे आणि किती दिवसांत परत? आणि चेसिस नंबर हातात येईपर्यंत बँकेचं कर्ज उचलू नका, नाहीतर गाडी शोरूमची आणि व्याज आपलं! गाडी आली की टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. फार जुना निघाला तर बिनधास्त विचारा.

"आणि रद्द करायचं का, ते?" अण्णांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा. तुमचे पैसे आहेत." अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनीच फोन करून सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. शोरूमला तसं लिहून दिलंय, त्यांची सही घेतलीय. तोवर चेसिस नंबर नाही आला तर पैसे परत. तात्याला काय म्हणायचं ते म्हणू दे." तोपर्यंत आजीच्या वारीला गावातलीच एक भाड्याची गाडी ठरवली. हे खरं तर पहिल्याच महिन्यात सुचायला हवं होतं, पण आम्ही सगळे "उद्या येईल" यातच अडकलो होतो.

तर मंडळी, घरात कोणी विजेची गाडी बुक केली असेल तर पुढच्या सुट्टीत मल्टीमीटर घेऊन घरी जा. मेकॅनिकलवाल्यांनी टायर बघावेत, सिव्हिलवाल्यांनी आर्थिंगचा खड्डा खणावा, कॉम्प्युटरवाल्यांनी डायरीतले आकडे एक्सेलमध्ये भरावेत. सबमिशनपेक्षा नक्कीच जास्त शिकायला मिळेल. आमच्या गाडीचा नंबर अजून लागलेला नाही. पण परवा अण्णांनी फोनवर आधी "जेवलास का?" विचारलं आणि मग म्हणाले, "आत्ता २२८ आहे."