‘माय’ शोधताना

माझ्या कवितेत आई नाही, माय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीबोलीत माय म्हणतात. आमच्या घरात अम्मी होती. पण मोहल्ल्याबाहेर सगळीकडे माय. कवितेत तीच आली.

संग्रहाचं डीटीपी करणारा मुलगा एकदा कौतुकानं म्हणाला, "सर, तुमचे गावठी शब्द शुद्ध केले." त्यानं अख्ख्या फाइलीत ‘माय’च्या जागी ‘आई’ घातली होती. मित्रहो, संगणकाला शब्द कळत नाही, फक्त अक्षरांची रांग कळते. ‘रामायण’चं ‘राआईण’ झालं, ‘मायबाप’चे ‘आईबाप’. फाइल सेव्ह होऊन बंद झालेली. मागे फिरायची सोय नव्हती.

मी रागावलो, मग त्याच्याच शेजारी बसलो. नुसतं उलटं बदलावं, तर शेवटच्या गद्य टिपांमध्ये मी स्वतः लिहिलेली ‘आई’ होती. ‘पूर्ण शब्दच शोधा’ म्हणावं, तर ‘मायले’, ‘मायनं’ यांची बिघडलेली रूपं सुटणार. विभक्ती आपल्याकडे शब्दाला चिकटूनच येते.

इथं गाळणी, म्हणजे फिल्टर, कामी आली. इनडिझाइनसारख्या प्रोग्रॅममध्ये कवितेच्या ओळींना एक शैली दिलेली असते, टिपांना दुसरी. ‘फक्त कवितेच्या शैलीत शोध’ असं सांगता येतं. कवितांत ‘आई’ मी कुठंच लिहिली नव्हती. तिथं उलटा बदल केला आणि ‘रामायण’ जागेवर आलं. टिपा कागदावर वाचून दुरुस्त केल्या.

एक घोळ उरला. एका कवितेत उर्दूतून आलेला ‘आईना’ होता, म्हणजे आरसा. उलट्या बदलात त्याचा ‘मायना’ झाला. आणि पत्राचा खरा ‘मायना’ही दुसऱ्या कवितेत होताच! आता वाइल्डकार्ड, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी खूण. अनेक प्रोग्रॅममध्ये ‘?’ म्हणजे कुठलंही एक चिन्ह. पण युनिकोडमध्ये ‘ना’ म्हणजे ‘न’ आणि काना, अशी दोन चिन्हं. म्हणून ‘माय??’ असं शोधलं. ‘मायले’, ‘मायनं’, ‘मायना’ सारे हाती लागले. या वेळी ‘सगळे बदला’ हे बटण दाबलं नाही. एकेक ओळ वाचली, आरसा आरशाच्या जागी ठेवला.

मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमच्या घरीही मायच म्हणतात."

मग शुद्ध कोणासाठी करत होता, हे मी विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)